पॅकबंद फिल्टर

विठ्ठल धनावडे यांच्या उजव्या पायाबद्दल घरात बैठक झाली, तेव्हा पायाचे मालक समोरच बसले होते. पण त्यांना कोणी काही विचारलं नाही.

बैठकीला दोघीच होत्या. पत्नी आनंदीबाई, आणि त्यांच्याच वसाहतीत, बेव्हर्ली पार्कात, दोन बिल्डिंगा सोडून राहणारी मुलगी संचिता. संचिता शाळेत गणित शिकवायची. त्यामुळे एखाद्याला नापास करताना आवाज कसा शांत ठेवायचा, हे तिला चांगलं जमायचं.

"गाडी चढावर उलटी आली, आई. मागे टेम्पो होता."

"होता ना. त्याच्यावर काय लिहिलंय ते मी चष्म्याशिवाय वाचलं. इतका जवळ होता."

"बाबांना ॲक्सिलरेटर नीट दाबताच येत नाहीये आता. पायात ताकद राहिली नाही. बहात्तर म्हणजे काय कमी वय आहे का?"

"दाबला होता की मी," धनावडे म्हणाले. "पार तळापर्यंत."

"त्यांना तसं वाटतं," संचिता आईला म्हणाली.

चढ उत्तनच्या वाटेवरचा. भाईंदर सोडून मोरवा गाव मागे टाकलं की पुढे डोंगरीच्या बाजूला लागतो. तो चढायचं कारण म्हणजे तारोडीचा डॉमनिक. भाईंदरच्या एका पंपाच्या कारखान्यात धनावडे एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते आणि डॉमनिक फिटर. ती सगळी वर्षं दोघे स्टोअरच्या खिडकीच्या दोन बाजूंनी भांडले. रिटायर झाल्यावर भांडायला खिडकी उरली नाही, म्हणून दर रविवारी धनावडे आनंदीबाईंना घेऊन तारोडीला जेवायला जायचे आणि तिथे भांडायचे.

संचिताने निकाल दिला. येत्या रविवारी ती बाबांच्या शेजारी बसणार. गाडी चढली तर प्रश्नच नाही. नाही चढली तर किल्ली तिच्याकडे, आणि तारोडीला जायचं तर रिक्षा.

धनावड्यांनी खिशातली किल्ली चाचपली. कारखान्यात त्यांच्या कमरेला सत्तावीस किल्ल्यांचा जुडगा असायचा. त्या सगळ्या एका दुपारी टेबलावर ठेवून ते घरी आले होते. आता एवढी एकच उरली होती.

संचिता गेल्यावर त्यांनी गॅलरीत जाऊन डॉमनिकला फोन लावला.

"गाडी चढं न्हाय?" डॉमनिकने विचारलं. "फिल्टर कवा बदललास?"

"कसला?"

"हवेचा. इंजिनाला हवा लागते, म्हायत हाय ना तुला?"

"मला वाटलं पेट्रोल लागतं."

पलीकडे बराच वेळ फक्त कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

"गाडी घेऊन किती वर्सां जाली?"

"आठ."

"आठ वर्सां नाकावर उशी ठेवलीस तिच्या. पोरीला सांग, पायाचा काय दोस न्हाय. थांब, मी येतो. दोन मिनिटांचा काम हाय."

"दोन मिनिटांचं आहे तर मीच करीन."

"तू? विठू, तू आख्ख्या जल्मात एक स्क्रू फिरवला न्हायस. फक्त लिवून ठेवलास, कोनी नेला."

या वाक्यानंतर डॉमनिकला बोलावणं शक्यच नव्हतं. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला गाडी मंगळवारपर्यंत ठेवा म्हणत होता आणि परीक्षा रविवारी होती. धनावड्यांनी ऑनलाइन फिल्टर मागवला. शुक्रवारी खोकं आलं. त्यांनी गाडीचं मॉडेल, वर्ष आणि खोक्यावरचा नंबर तीनदा ताडून पाहिला, आणि काहीच चुकीचं सापडलं नाही म्हणून थोडे हिरमुसले.

शनिवारी सकाळी ते खाली पार्किंगमध्ये उतरले. हातात खोकं, खांद्यावर जुना पंचा, आणि बॉनेटवर उभा करून ठेवलेला मोबाइल. मोबाइलमधला हिंदी माणूस फिल्टर बदलून दाखवत होता. पण बॉनेट उघडल्याशिवाय फिल्टर दिसेना, आणि बॉनेट उघडलं की मोबाइल घसरे. शेवटी तो पहिल्या मजल्यावरच्या दिपेशभाईंच्या हातात द्यावा लागला. दिपेशभाई सोसायटीत कुठलंही बॉनेट उघडलं की आपोआप खाली येत.

"विठूभाई, गॅरेज में दे दो ना. काय कू हाथ काला करते?"

"काला तो होने दो, भाई."

आनंदीबाईही आल्या. नवऱ्याच्या हाताखाली एखादी वस्तू उघडी पडली की त्यांना घरात स्वस्थ बसवत नसे. त्यांच्या संसारात नवीन वस्तूवरचं प्लास्टिक काढायची पद्धत नव्हती. सोफा प्लास्टिकमध्ये होता. मिक्सर होता. गाडीच्या सीटा तर आठ वर्षांपूर्वी शोरूममधून आल्या तशाच होत्या. उन्हाळ्यात गाडीतून उतरताना पाठीचा थोडा भाग मागे राहायचा, पण सीट अजून नवी होती.

चार क्लिपा होत्या. धनावड्यांनी त्या एकेक करून उघडल्या आणि काळं झाकण उचललं.

आत जे होतं ते बघून तिघेही जरा मागे सरले. जळालेल्या पापडासारखी एक चौकोनी वस्तू, तिच्या घड्यांमध्ये मेट्रोच्या खोदकामाची सगळी धूळ, बदामाची वाळकी पानं, कबुतराचं एक पीस, आणि कोपऱ्यात कुठल्याशा उंदराने पुढेमागे लागेल म्हणून जपून ठेवलेलं अर्धं ग्लुकोजचं बिस्कीट. धनावड्यांना एक स्टोअरकीपर म्हणून त्या उंदराबद्दल आदर वाटला.

"अरे बाप रे," दिपेशभाई म्हणाले. "इस में से गाडी साँस कैसे लेती थी?"

"घेत नव्हतीच," धनावडे म्हणाले, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांना हलकं वाटलं. चढावर दम लागला होता तो गाडीला. त्यांना नव्हे. त्यांनी नकळत उजवा पाय जमिनीवर दोनदा आपटून पाहिला. चांगला आवाज आला.

पंच्याने आतली पेटी पुसली. नवा फिल्टर खोक्यातून बाहेर काढला. पांढराशुभ्र, घड्याघड्यांचा, आणि त्यावर ताणून बसवलेलं पातळ, चकचकीत प्लास्टिक. धनावड्यांनी प्लास्टिकच्या कडेला नख लावलं.

"अहो, अहो! फाडताय काय?"

"काढायला नको?"

"का? आत काय जाणारे, धूळच ना? मग नवीकोरी वस्तू उघडी कशाला घालायची धुळीत? आपला रिमोट बघा. अकरा वर्षं झाली, बटणावरचा एक आकडा पुसला नाही."

धनावडे विचारात पडले. कारखान्यात त्यांच्या टेबलामागे त्यांनीच लिहिलेली पाटी होती, 'पॅकिंग फुटले की माल जुना.' पॅकिंग फुटलेला माल त्यांनी एकतीस वर्षांत परत घेतला नव्हता. हे एक झालं. दुसरं, मोबाइलमधल्या माणसाने फिल्टर उघडाच हातात धरला होता खरा, पण तो माणूस आपले पाने-पक्कडही जमिनीवर टाकत होता. त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा?

"दिपेशभाई, आप को क्या लगता है?"

"रहने दो, रहने दो," दिपेशभाई म्हणाले. "कल फिट नहीं हुआ तो रिटर्न करना पडेगा. खुल्ला माल कोई वापस नहीं लेता."

झालं. घर, कारखाना आणि बाजार, तिघांचंही एकमत झालं. गाडीचं धुळीपासून रक्षण करणाऱ्या फिल्टरचं धुळीपासून रक्षण झालं, आणि जाता जाता हवेपासूनही.

प्लास्टिकच्या जाडीमुळे चौथी क्लिप बसेना. तळहाताने दाबली, कोपराने दाबली, मग दिपेशभाईंनी वजन टाकलं, तेव्हा ती अर्धीमुर्धी अडकली. धनावड्यांनी किल्ली फिरवली. इंजिन लागलं, पण सर्दी झालेल्या माणसाने फोन उचलावा तसा आवाज आला.

"नया है," दिपेशभाई म्हणाले. "टाइम लगेगा."

धनावड्यांनी सोसायटीत एक फेरी मारली आणि गाडी लावून टाकली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांनी फार जागू नये असं संचिताच सांगायची. गाडीलाही त्यांनी विश्रांती दिली.

रविवारी अकरा वाजता निघाले. संचिता डाव्या सीटवर, मागे आनंदीबाई आणि त्यांच्या मांडीवर डॉमनिकच्या बायकोसाठी, बेट्टीसाठी, आंबोळ्यांचा डबा. रेल्वे ओलांडायच्या पुलावर गाडी पहिल्या गिअरच्या वर जाईना. सायकलवरचा इडलीवाला शेजारून पुढे गेला. जाता जाता त्याने भोंगा वाजवला, तो इडलीसाठी की गाडीसाठी, ते कळलं नाही.

"बाबा, जरा वेग घ्या ना."

"गावात जपून चालवावं," धनावडे म्हणाले. काटा बावीसवर होता आणि पाय तळाला.

ही गोष्ट त्यांना आवडली नाही. आता फिल्टर नवा होता. आता गाडीला दम लागायचं काही कारण नव्हतं. मग दम कोणाला लागत होता? राई गाव गेलं, मोरवा गेलं, आणि प्रत्येक वळणावर त्यांचं लक्ष रस्त्यापेक्षा आपल्या पायाकडे जास्त जायला लागलं. पाय होता तिथेच होता. पण असलेली वस्तू चालू आहे की बंद, हे नुसतं बघून सांगता येत नाही. स्टोअरमध्ये अशा कित्येक मोटारी त्यांनी पाहिल्या होत्या.

चढ आला. निम्मा चढ गाडीने कण्हत कापला, मग एक आचका दिला आणि बंद पडली. धनावड्यांनी हॅन्डब्रेक ओढला. मागून येणारा बर्फाचा टेम्पो थांबला. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच.

आनंदीबाईंनी मांडीवरचा डबा घट्ट धरला.

धनावड्यांनी किल्ली फिरवून बाहेर काढली. थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. मग संचितापुढे धरली.

"घे," ते म्हणाले. "तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. मला दाबल्यासारखं वाटतं, पण दाबलं जात नसावं."

एकतीस वर्षांत त्यांनी कोणाला काही सहीशिवाय दिलं नव्हतं. संचिताला हे माहीत होतं. सगळा हिशोब बरोबर आला होता, तरी तिला गणित सुटल्यासारखं वाटेना. तिने किल्ली घेतली आणि नाक ओढलं.

"धूळ फार आहे इकडे," ती म्हणाली.

जागा बदलल्या. संचिताने सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, गाडी चालू केली. तिची स्वतःची गाडी ऑटोमॅटिक होती. क्लच नावाचा पेडल तिने लग्नाच्या आधी शेवटचा दाबला होता. तिने हॅन्डब्रेक खाली केला, ॲक्सिलरेटर दाबून क्लच सोडला, गाडी हातभर पुढे सरकली, गुदमरली आणि बंद पडली. मग हळूच मागे जायला लागली.

"संचिता," आनंदीबाई म्हणाल्या, "मागे बर्फ आहे."

"माहितीये, आई!"

"जवळ यायला लागला."

संचिताने दोन्ही पायांनी मिळेल ते दाबलं. टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढला नाही. धनावडे खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत त्यांनी उजवा हात खाली नेला आणि हॅन्डब्रेक ओढला. गाडी थांबली.

टेम्पो वळसा घालून पुढे निघून गेला. जाताना ड्रायव्हर काहीतरी बोलला, ते कोणी ऐकलं नाही असं सगळ्यांनी ठरवलं.

मग धनावडे हळूच म्हणाले, "पाय दाबला होतास ना?"

"हो, बाबा."

"पार तळापर्यंत?"

"हो म्हटलं ना!"

"तिला तसं वाटतं," आनंदीबाई मागून म्हणाल्या.

संचिता बापाकडे वळली. बाप पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला होता. तिकडे एक बकरी आणि एक कुंपण होतं, एवढं हसण्यासारखं दोन्हीत काही नव्हतं. मुलीच्या हातून गाडी बंद पडली म्हणून एवढा आनंद झालेला दुसरा बाप उत्तनच्या रस्त्यावर त्या दिवशी नसावा. त्यांनी छातीत भरून ठेवलेला श्वास सोडला, तेव्हा तो आठ दिवसांचा होता असं त्यांच्या लक्षात आलं.

"डॉमनिकला फोन लाव," ते म्हणाले. आता बोलवायला हरकत नव्हती. बिघडली होती ती गाडी होती.

डॉमनिक दहा मिनिटांत स्कूटरवरून आला. अर्धी चड्डी, डोक्यावर टोपी, आणि खिशात पेनासारखा खोचलेला स्क्रूड्रायव्हर.

"काय गो संचिता, तूबी चढवलीस न्हाय? बापाचा पाय लावून आलीस काय?"

"अंकल, प्लीज."

त्याने बॉनेट उघडलं. चौथी क्लिप बघितली आणि भुवई उचलली. झाकण वर केलं. मग बराच वेळ तसाच वाकून उभा राहिला.

"विठू."

"काय?"

"हा काय हाय?"

"फिल्टर."

"आनी त्याच्यावर?"

"पॅकिंग."

डॉमनिकने टोपी काढली. प्लास्टिक इंजिनाने आतून ओढून ओढून घड्यांमध्ये असं चिकटवलं होतं, की फिल्टरने ओली बनियन घातली आहे असं वाटत होतं.

"तीस वर्सां," डॉमनिक हवेत बघून म्हणाला. "तीस वर्सां यो मला सांगत व्हता, पॅकिंग फोडू नको. मी फोडत व्हतो, म्हणून कारखाना चालला. येका दिवस यो येकटा व्हता, तर गाडी बंद."

संचिता पुढे आली. तिने पाहिलं. चेहऱ्यावर पेपर तपासतानाचा भाव आला, आणि धनावड्यांना सुटका अर्धीच झाली असल्याचं कळलं. पाय निर्दोष सुटला होता. आता डोक्यावर खटला उभा राहत होता.

"बाबा," ती फार हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही प्लास्टिक काढलंच नाहीत? असं विसरता तुम्ही हल्ली?"

"विसरले नाहीत," आनंदीबाई गाडीतूनच म्हणाल्या. "काढत होते. मी नको म्हटलं."

"आई!"

"मग? नवी वस्तू होती. त्यांनी ऐकलं. आमच्या लग्नापासून त्यांनी माझी ऐकलेली ही दुसरी गोष्ट."

"पहिली कंची?" डॉमनिकने विचारलं.

"ही गाडी घ्या, ती."

संचिताला यावर पुष्कळ बोलायचं होतं. तिने तोंडही उघडलं होतं. पण डॉमनिक टोपी झटकत म्हणाला, "पोरी, मागल्या नाताळात तू तुझी नवी गाडी दाखवाया आनलीस. तिच्या पुढच्या टीव्हीवर पातळ कागद व्हता. काढलास?"

संचिताचं तोंड बंद झालं.

"ते वेगळं आहे," ती म्हणाली. "स्क्रीनवर ओरखडे पडतात."

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. आजार म्हातारपणाचा नव्हता, घराण्याचा होता, आणि त्याला वयाची अट नव्हती. संचिता आधी ओठ चावत होती. मग बापाकडे न बघता हसली, मग बघून हसली, आणि शेवटी बॉनेटला धरून उभी राहावी लागली. डोळे पुसले ते मात्र तिने या वेळी धुळीच्या नावावर टाकले नाहीत.

"मला किती भीती वाटली होती, माहितीये तुम्हाला?" ती म्हणाली. "तुम्ही किल्ली दिलीत तेव्हा?"

"मला पण," धनावडे म्हणाले.

डॉमनिकने प्लास्टिक काढायला हात पुढे केला. धनावड्यांनी तो बाजूला सारला. त्यांनी स्वतः नख लावलं आणि एका ओढीत ते फाडलं. फाडताना त्यांना थोडं वाईट वाटलं. फिल्टर पेटीत बसवला. चारही क्लिपा लागल्या, चौथी तर बोट लावताच टक करून बसली.

"फिट केलास," डॉमनिक म्हणाला. "आता सही कर."

संचिताने किल्ली बापाच्या हातात ठेवली आणि डाव्या सीटवर जाऊन बसली. धनावड्यांनी गाडी चालू केली. आवाज आला तो आठ वर्षांपूर्वीचा. त्यांनी सवयीने पाय तळापर्यंत दाबला, आणि गाडी अशी उधळली की आनंदीबाईंच्या मांडीवरचा आंबोळ्यांचा डबा सीटच्या प्लास्टिकवरून घसरत दारापर्यंत गेला.

"अहो, हळू!"

हे दोन शब्द ऐकून धनावड्यांना जे वाटलं, ते त्यांना निवृत्तीच्या सत्कारातही वाटलं नव्हतं. मागे डॉमनिकची स्कूटर आरशात लहान लहान होत गेली. चढ कधी संपला ते कळलंही नाही.

बेट्टीने जेवताना सगळी हकिगत तीनदा सांगायला लावली, दोनदा डॉमनिकला आणि एकदा आनंदीबाईंना. धनावडे खाली मान घालून मासे खात राहिले. त्यांचं काही बिघडलं नव्हतं, त्यामुळे त्यांना कशाचाच राग येत नव्हता.

चार वाजता परत निघाले. चढाच्या तारोडीकडच्या बाजूला, रस्ता जिथे वर वळतो तिथे, संचिता एकदम म्हणाली, "बाबा, थांबवा जरा."

त्यांनी थांबवली.

"ते हॅन्डब्रेकवर गाडी धरून चढ चढतात ना, ते कसं करतात? मघाशी मला येईना. शाळेत कोणाला सांगू नका."

"तुझ्या शाळेत मी कशाला जातोय?"

पुन्हा जागा बदलल्या. धनावडे डाव्या बाजूला बसले, हात हॅन्डब्रेकपासून वीतभर लांब ठेवला आणि सांगायला लागले. क्लच हळू सोड. आवाज जड झाला की थांब. आता ब्रेक खाली. नाही, आधी नाही. आता. आता म्हटलं ना! गाडी दोनदा बंद पडली, एकदा मागे आली. आनंदीबाईंनी मागे कोणी नाही असं मोठ्याने जाहीर केलं, पण डोळे मिटून घेतले. चौथ्यांदा गाडी थरथरली, जागच्या जागी थांबली, आणि सरळ वर निघाली.

वर पोचल्यावर संचिताने गाडी कडेला घेतली. कपाळ पुसलं.

"पास?"

धनावडे थोडा वेळ विचार करत होते. त्यांना घाई नव्हती.

"काठावर," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी परत बसशील तर बघू."

"बसेन," संचिता म्हणाली. "किती वाजता निघायचं?"